दापोडीचा बंगला, बोरघाटाचा रस्ता आणि आठ लाखांची पेन्शन

स्मरणिका समितीच्या मंडळींनी लेख मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की मी ‘ज्येष्ठ नागरिक आणि बँकेच्या ठेवी’ अशा एखाद्या विषयावर लिहावे. सारी नोकरी बँकेत गेली, तेव्हा अपेक्षा काही चुकीची नव्हती. पण ठेवींचे व्याजदर स्मरणिका छापून हातात पडेपर्यंत बदललेले असतात. म्हणून ठरवले, की जे आता बदलणार नाही त्यावरच लिहावे. मी बी.कॉम. झालेला माणूस, इतिहासकार नव्हे. पण वाचनाची आवड जुनी आहे, आणि निवृत्तीनंतर वेळही भरपूर मिळाला.

निमित्त मात्र नातवाने दिले. गेल्या वर्षी आम्ही दोघे पिंपरीहून मेट्रोने पुण्याला चाललो होतो. दापोडी स्टेशन आले. नातू खिडकीतून खाली बघत म्हणाला, “आजोबा, दापोडीत बघण्यासारखं काही आहे का हो?” मी म्हटले, “एके काळी मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे राहायला यायचे.” त्याने माझ्याकडे असे पाहिले, की आजोबांची गोळी चुकली की काय! मग बोपोडी येईपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. जे राहिले ते आज लिहितो आहे.

ज्या माणसाने दापोडीचा तो बंगला सरकारसाठी विकत घेतला आणि ज्याच्या कारकिर्दीत आपल्या दारावरून जाणारा मुंबई–पुणे रस्ता बोरघाटातून गाडीने उतरण्याजोगा झाला, त्याचे नाव मेजर जनरल सर जॉन माल्कम. १८२७ ते १८३० अशी तीन वर्षे तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. शाळेच्या पुस्तकात आपल्याला एल्फिन्स्टन भेटतो, माल्कम फारसा भेटत नाही. पण पेशवाई बुडाली त्या कागदावर पलीकडच्या बाजूने बोलणी करणारा माणूस हाच होता.

कर्जबाजारी बापाचा मुलगा

माल्कमचा जन्म २ मे १७६९ चा, स्कॉटलंडच्या दक्षिण भागातल्या बर्नफूट नावाच्या शेतावरचा. घरात सतरा भावंडे. बापाने व्यवहारात हात पोळून घेतले आणि तो कर्जात बुडाला. अशा घरातल्या मुलांना तेव्हा एकच वाट असायची, ओळखीपाळखी काढून आरमारात नाही तर कंपनी सरकारच्या नोकरीत चिकटवायचे. जॉन बारा-तेरा वर्षांचा असताना त्याला लंडनला कंपनीच्या संचालकांपुढे उभे केले. एवढे लहान पोर बघून एका संचालकाने गमतीने विचारले, की हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगा म्हणाला, तलवार उपसून मुंडके उडवीन. नोकरी पक्की झाली. आमच्या वेळी बँकेच्या मुलाखतीत एवढे सोपे प्रश्न विचारत नसत!

१७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. तरुणपणी पैसा हातात टिकेना. कर्ज झाले, जेवणाचे वांधे झाले. त्या दिवसांतली एक हकीकत त्याचा चरित्रकार के याने लिहून ठेवली आहे. पलटणीच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या बाईला या पोराची दया आली. तिने त्याला उधारीवर शिधा दिला, जमेल तेव्हा पैसे दे म्हणाली. पुढे माल्कम मोठा झाला, पण तिला विसरला नाही. त्याने तिला तहहयात पेन्शन बांधून दिली. पेन्शन हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

कर्ज फिटल्यावर गडी सुधारला. फारसी शिकला. त्या काळी फारसी ही दरबारी भाषा. ती ज्याला येई, तो नुसता शिपाई न राहता बोलणी करणारा मुत्सद्दी होई. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेनंतर त्याची दुभाषा म्हणून नेमणूक झाली, १७९८ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटचा मदतनीस झाला, आणि १७९९ मध्ये टिपूच्या पाडावाच्या वेळी निजामाच्या फौजेबरोबर होता. मग गव्हर्नर जनरलने त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवले. तसा तो तीनदा गेला. इराणात बटाटा माल्कमनेच नेला असे सांगतात. दंतकथा असेलही, पण पुढे त्याने इराणचा दोन खंडांचा इतिहास लिहिला ही मात्र पक्की गोष्ट. तो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठ्यांच्या मुलुखात

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि आपली मान स्वतःच्या हाताने कंपनीच्या हाती दिली. पुढच्या वर्षी आर्थर वेलस्ली, जो नंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजला, तो बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर माल्कमही होता. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, घट्ट मित्र. पण माल्कम ऐन वेळी आजारी पडला आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई त्याला चुकली. ही चुटपुट त्याला जन्मभर लागून राहिली. पुढे शिंद्यांशी झालेल्या बोलण्यांत मात्र तो होता.

आता १८१७ कडे येऊ, कारण तिथून ही गोष्ट आपल्या परिसरात शिरते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाजीरावाने माल्कमला साताऱ्याजवळ माहुलीला भेटीला बोलावले. पुण्याच्या तहाने आपला कसा अपमान झाला हे बाजीरावाने गोड शब्दांत सांगितले. बाजीरावाची वाणी फार मिठ्ठास होती, हे त्याचे शत्रूही मान्य करत. माल्कमचा विश्वास बसला. पेंढाऱ्यांविरुद्ध मदतीसाठी फौज जमवा, असा सल्लाही त्याने दिला. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन बाजीरावाला रोज बघत होता. त्याचा काही विश्वास बसला नाही. पाहुणा ऑडिटर एका दिवसात खूश होऊन जातो, पण ब्रँच मॅनेजरला माहीत असते की कोणते खाते बुडणार आहे. तसेच झाले. जमवलेली फौज तीन महिन्यांच्या आत इंग्रजांवरच चालून गेली.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. आपल्यापैकी बरेच जण रोज खडकीवरून कामाला जात होते, पण ही लढाई नेमकी कुठे झाली हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वेळी दापोडीला कॅप्टन फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली कवायती पलटण होती. पलटण पेशव्यांच्या पगारातली, अधिकारी इंग्रज. फोर्ड आणि पेशव्यांच्या दरबारातले मोरो दीक्षित यांचा जुना स्नेह होता. लढाई टळत नाही असे दिसल्यावर दोघांनी एकमेकांना वचन दिले, की आपल्यापैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांचा सांभाळ करावा. जुन्या इतिहासग्रंथांत ही नोंद आहे. लढाईच्या दिवशी दापोडीची पलटण नदीच्या बाजूने मुख्य फौजेला मिळायला निघाली. तिच्यावर चालून गेले ते मोरो दीक्षितच. आणि त्याच पलटणीच्या तोफेच्या गोळ्याने ते पडले. वाचताना अंगावर काटा येतो. दापोडीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो की मला हे दोन मित्र आठवतात.

पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्या चाकणचा किल्लाही इंग्रजांनी घेतला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे ज्या किल्ल्याची पन्नासवर दिवस झुंज दिली, तोच हा किल्ला. मी चाकणच्या शाखेत असताना कांद्याच्या बाजाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या खंदकाकडे चक्कर मारायचो. तेव्हा तिथे कारखाने नव्हते आणि किल्ल्याकडे बघायलाही कोणी नव्हते.

माल्कम त्या वेळी माळव्यात होता. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढाई झाली. नदी ओलांडून तोफांवर चाल करून जाण्याची कामगिरी माल्कमने उचलली. असईला हुकलेले त्याने महिदपूरला भरून काढले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला आणि होळकरशाहीची धार गेली.

आठ लाखांचा हिशेब

बाजीराव पळत होता. पुण्यातून निघाला तो गावोगाव फिरत, लढाया टाळत, शेवटी बऱ्हाणपूरच्या पुढे असीरगडच्या आसमंतात येऊन पोचला. मागेपुढे इंग्रजी फौजा. त्याने माल्कमशी बोलणी लावली. वर्षभरापूर्वी माहुलीला भेटलेला माणूस, त्यामुळे त्यातल्या त्यात ओळखीचा. आणि ३ जून १८१८ रोजी शिवछत्रपतींच्या स्वराज्याचा कारभार पाहणारा पेशवा माल्कमच्या छावणीत दाखल झाला.

अटी अशा होत्या. बाजीरावाने राज्यावरचा हक्क सोडावा. दक्षिणेत परत येऊ नये. गंगेच्या काठी राहावे. त्याबदल्यात कंपनी सरकार त्याच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी सालीना कमीत कमी ८ लाख रुपयांची पेन्शन देईल. त्याच्यासाठी ज्यांचे सर्वस्व गेले त्या आश्रितांचा, तसेच ब्राह्मणांचा आणि देवस्थानांचा विचार होईल.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हा आकडा ऐकून धक्काच बसला. हरलेल्या माणसाला एवढे कशाला, असे त्याचे म्हणणे. माल्कमचे उत्तर एखाद्या अनुभवी कर्ज अधिकाऱ्यासारखे होते. असीरगड जवळ आहे, पावसाळा तोंडावर आहे, बाजीराव गडावर गेला तर आणखी एक वर्ष युद्ध चालेल, आणि त्या वर्षाचा खर्च या पेन्शनपेक्षा किती तरी जास्त होईल. शिवाय ज्याने एके काळी राज्य केले त्याला उपाशी मारून आपला लौकिक वाढत नाही. शब्द दिला होता, तो कंपनीला पाळावा लागला.

आता आकडेमोड करू. बाजीराव तेव्हा ४३ वर्षांचा होता. कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूरला तो जाऊन राहिला, आणि २८ जानेवारी १८५१ ला वारला. म्हणजे ३२ वर्षे आणि जवळजवळ ८ महिने. सालीना ८ लाखांप्रमाणे ही रक्कम २ कोटी ६० लाखांच्या वर जाते. पेन्शन ठरवणारा माल्कम स्वतः त्याच्या आधी १८ वर्षे गेला. पेन्शनर मंडळींचे आयुष्य वाढते असे बँकेत आम्ही गमतीने म्हणायचो, त्याचा हा जुना दाखला.

पण मंडळी, गंमत बाजूला ठेवू. ८ लाखांत एक राज्य गेले. सौदा कंपनीच्या फायद्याचा होता, आणि तो फायद्याचा आहे हे ओळखण्याइतका माल्कम हुशार होता. दयाळू होता का? होताही. पण त्या दयेचा हिशेब कंपनीच्या वहीत बरोबर जुळत होता.

अहिल्याबाईंचा चाहता

पुढची तीन-साडेतीन वर्षे माल्कमने माळव्याचा कारभार पाहिला. लढायांनी आणि पेंढाऱ्यांनी उजाड झालेली गावे पुन्हा वसवणे, भिल्लांशी समझोते करणे, संस्थानिकांच्या हद्दी ठरवणे ही कामे केली. त्याच्या तंबूला दार नव्हते, कोणीही यावे आणि गाऱ्हाणे सांगावे, अशी त्याची ख्याती होती. या काळात त्याने लोकांना विचारून, कागद जमवून मध्य हिंदुस्थानावर एक ग्रंथ लिहिला. तो १८२३ मध्ये आला. त्यात अहिल्याबाई होळकरांवर त्याने अत्यंत आदराने लिहिले आहे. बाईंना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे होत आली होती, तरी माळव्यातला माणूस त्यांचे नाव कसे घेतो हे त्याने स्वतः ऐकले होते. जिंकलेल्या मुलुखातल्या एका स्त्रीला उत्तम राज्यकर्ती म्हणून जगापुढे मांडण्याचा मोठेपणा त्याच्याजवळ होता, हे मान्य केले पाहिजे.

याच काळात त्याला एक घाव बसला. १८१९ मध्ये मुंबईचे गव्हर्नरपद आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती. ते मिळाले दहा वर्षांनी लहान असलेल्या एल्फिन्स्टनला. ज्यांच्या नोकरीत ज्युनियरचे प्रमोशन आधी झाले आहे, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको. माल्कम रुसला, विलायतेला गेला. पण एल्फिन्स्टनशी मैत्री तोडली नाही. आणि १ नोव्हेंबर १८२७ रोजी एल्फिन्स्टनच्याच खुर्चीवर येऊन बसला.

गव्हर्नर दापोडीत

खडकीच्या लढाईतला तो कॅप्टन फोर्ड दापोडीला नदीकाठी एक ऐसपैस बंगला बांधून राहिला होता. गव्हर्नरांनी पावसाळ्यात मुंबईची दमट हवा सोडून पुण्यास यावे, असा रिवाज पडत चालला होता. १८२८ मध्ये माल्कमने हा बंगला सरकारसाठी विकत घेतला, आणि त्याच वर्षी त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. परदेशी झाडे आपल्या हवेत रुजतात का, औषधी वनस्पती लावता येतात का, याचे प्रयोग दापोडीत होत होते! पुढे अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर या बागेचा प्रमुख झाला. त्याने १८४७ नंतर एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून इथल्या झाडाफुलांची सुरेख चित्रे काढून घेतली. ती चित्रे आज स्कॉटलंडमध्ये एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत, आणि जगभरचे अभ्यासक त्यांना ‘दापोडीची चित्रे’ म्हणूनच ओळखतात. त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. हातांनी काम करणाऱ्याचे नाव राहत नाही, ही रीत जुनीच.

१८६० च्या दशकात गणेशखिंडीला नवे गव्हर्नमेंट हाउस उभे राहू लागले, आणि दापोडीचे वैभव संपले. १८७१ मध्ये पुरे झालेली गणेशखिंडीची ती इमारत म्हणजेच आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. नातवंडांना विद्यापीठ माहीत आहे, पण त्याच्या आधीचा मान आपल्या दापोडीचा, हे त्यांना कोण सांगणार?

आता रस्त्याचे बघू. बोरघाटातून तोफा चढवण्यासाठी वेलस्लीच्या काळात एक कामचलाऊ वाट केली होती. पण चाकाची गाडी सुखरूप उतरेल असा रस्ता नव्हता. घाटमाथ्याचा माल बैलांच्या पाठीवरून खाली जायचा. माल्कमने घाटाचे काम नेटाने पुढे रेटले. १० नोव्हेंबर १८३० रोजी, काम थोडे बाकी असतानाच, तो स्वतः मित्रमंडळींसह घोडागाड्यांतून घाट उतरला. कोकण आणि देश यांच्यामधली भिंत पडली, अशी त्याची भावना होती. त्यानंतर महिन्याभरात त्याने हिंदुस्थान कायमचा सोडला.

या रस्त्याची पुढची कहाणी आपणच आहोत. त्याच मार्गाच्या आधाराने रेल्वे आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये घाटही रेल्वेने ओलांडला. रस्ता आणि रेल्वे दोन्ही हाताशी, मुंबई बंदर जवळ, पवनेचे पाणी, म्हणूनच १९५४ च्या सुमारास पिंपरीत एच.ए. कंपनी आली, पुढे टेल्को, बजाज आणि एम.आय.डी.सी. आली. आपल्यातले कितीतरी जण सांगली, सातारा, नगर, लातूर, खानदेशातून या कारखान्यांच्या भोंग्यावर इथे आले, भाड्याच्या खोलीत राहिले, कर्ज काढले आणि पंचवीस वर्षांपूर्वी या सोसायटीचे सभासद झाले. माल्कमने रस्ता केला तो कंपनीच्या फौजेसाठी आणि व्यापारासाठी. आपल्यासाठी नव्हे. पण रस्ता एकदा झाला की तो चालणाऱ्याचा होतो.

त्याची आणखी काही कामे थोडक्यात सांगतो. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात जागा घेऊन त्याने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले. म्हणून तिथल्या बाजारपेठेचे नाव माल्कम पेठ. मार्च १८३० मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझला गेली. त्यामागेही त्याचा उत्साह होता. सतीबंदीचा बंगालमधला कायदा १८३० मध्ये मुंबई इलाख्यात लागू झाला तोही त्याच्याच काळात.

नावे बाजूचे आकडे

ताळेबंद लिहायचा तर दोन्ही बाजू लिहाव्या लागतात. नुसती जमा दाखवली तर ऑडिटर सही करत नाही.

पुण्यातल्या मोरो रघुनाथ नावाच्या एका मुलाला त्याच्या घरच्या वडीलधाऱ्याने अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली. न्यायाधीश ग्रँटने मुलाला कोर्टापुढे हजर करा असा हुकूम काढला. माल्कमने तो बजावू दिला नाही. पुणे तुमच्या हद्दीत येत नाही, असे त्याचे म्हणणे. एप्रिल १८२९ मध्ये ग्रँटने रागाने चक्क कोर्टच बंद केले! विलायतेत निकाल शेवटी सरकारच्या बाजूने लागला. दक्षिणेतल्या सरदारांचा मान राखण्यासाठी आपण हे केले असे माल्कम म्हणत असे, आणि त्यात तथ्यही होते. पण गव्हर्नरने कोर्टाचा हुकूम अडवावा, हे आज आपल्याला पटणार नाही.

दुसरी बाब शेतकऱ्याची. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनींची मोजणी करून नवा सारा बसवला. त्याची अंमलबजावणी माल्कमच्याच कारकिर्दीत सुरू झाली. हिशेब कागदावर फार शास्त्रीय होता. खर्च वजा जाता जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. पण मोजणीत चुका, खालच्या नोकरांची खाबूगिरी आणि वर धान्याचे पडलेले भाव. कुणबी जमिनी टाकून निजामाच्या हद्दीत गेल्याच्या नोंदी आहेत. १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना सगळे नव्याने करावे लागले. आपल्या सातबाऱ्यामागे जी सर्व्हे नंबरची पद्धत आहे तिचे मूळ तिथे आहे. मी पीककर्ज देताना शेकडो सातबारे हाताळले. माळरानाला बागायतीचा आकार लावला की काय होते, ते टेबलाच्या अलीकडून पाहिले आहे.

आणि तिसरी बाब म्हणजे याच दिवसांत पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईक इंग्रजांच्या विरोधात उभे होते. माल्कम गेल्यावर थोड्याच काळात, ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिले. गव्हर्नर दापोडीच्या बागेत नवी रोपे बघत होता, तेव्हा त्याच जिल्ह्यातली पिढीजात वतने गेलेली माणसे रानात हिंडत होती. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

माल्कम ३० मे १८३३ रोजी लंडनला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा पुतळा आहे. मुंबईला एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्येही चँट्री या शिल्पकाराने केलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे. मी तो पाहिला तेव्हा मनात राग आला नाही आणि हात जोडावेसेही वाटले नाही. एक कर्तबगार, हसतमुख, दिलदार माणूस, पण दुसऱ्याच्या घरात येऊन मालक झालेला. एवढेच वाटले.

एक शब्द राहून गेला

शेवटी पुन्हा त्या पेन्शनकडे येतो. अटींत ‘बाजीराव आणि त्याचे कुटुंब’ असे शब्द होते. कुटुंब म्हणजे कोण, दत्तक मुलगा त्यात येतो का, बाजीरावानंतर किती आणि कोणाला, हे काहीच लिहिले नव्हते. माल्कम जिवंत असता तर कदाचित त्याने आपल्या शब्दाचा अर्थ सांगितला असता. १८५१ मध्ये तो नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने सांगितले, पेन्शन बाजीरावाची होती, बाजीराव गेला, पेन्शन संपली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, अजीमुल्लाखानाला लंडनपर्यंत पाठवले, उपयोग झाला नाही. आणि १८५७ मध्ये कानपूरला काय झाले ते आपण सारे जाणतो. १८५७ ची कारणे पुष्कळ आहेत. पण कानपुरात ज्या घराण्याने तलवार उचलली, त्याच्या मनातली एक ठिणगी या न लिहिलेल्या ओळीची होती.

नोकरीत मी हे लहान प्रमाणावर पुन:पुन्हा पाहिले. बाबांनी तोंडी सांगितले होते, दादाने शब्द दिला होता, आणि कागदावर काही नाही. मग सख्खी भावंडे काउंटरच्या दोन टोकांना उभी राहून एकमेकांकडे बघत नाहीत. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण देणारा निघून जातो आणि मागे फक्त कागद उरतो.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना हात जोडून एक विनंती. ज्यांनी फ्लॅटचा नॉमिनेशन फॉर्म अजून भरला नाही त्यांनी तो भरावा. नुसता नॉमिनी नेमला म्हणजे वारस ठरला असे होत नाही, म्हणून साधे, सोपे मृत्युपत्रही करावे. सेक्रेटरीसाहेब दर वार्षिक सभेत हे सांगतात आणि आपण चहाची वाट बघत बसतो. निदान यंदा ऐकू या.

आणि पुढच्या वेळी मेट्रोने जाताना दापोडी आले की मुलांना खिडकीशी बोलवा. नदीकडे बोट दाखवा. इथे दोन मित्र समोरासमोर लढले, इथे एका अनाम चित्रकाराने फुले रंगवली, आणि इथूनच घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण सगळे या गावात आलो, एवढे सांगितले तरी पुरे. माझा नातू आता मित्रांना सांगतो, “आमच्या दापोडीत गव्हर्नर राहायचे!” त्या ‘आमच्या’ शब्दातच माझ्या लेखाचे मानधन मला मिळाले.

सोसायटीला आणि सर्व कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेचा लेख नातवाने लिहावा, अशी इच्छा आहे. तसे त्याला लेखी कळवून ठेवले आहे.